वाळूचा दोर वळून दाखवा!

वीज गेली, पावसाची झड लागली किंवा गावाकडे जाणारी एस.टी. तासभर खोळंबली, की आपल्या माणसांत कोणीतरी म्हणतेच, "एक कोडे घालू का?" आजीच्या तोंडची कोडी शेतातली, चुलीजवळची, जात्यावरची असायची. काही भागांत त्यांनाच उखाणा म्हणत. त्यांची गंमत शब्दांत असते. आज या पानावर आम्ही दुसऱ्या तऱ्हेची कोडी घेतली आहेत. त्यांत शब्दांची कसरत नाही आणि मोठे गणितही नाही. उत्तर डोळ्यांपुढेच असते. पण आपण मनाशी आधीच काहीतरी धरून बसलेलो असतो, त्यामुळे ते दिसत नाही.

काही वाचक विचारतील, समाजापुढे एवढे प्रश्न असताना साप्ताहिकाने कोडी कशाला छापावीत? शिष्यवृत्ती परीक्षा असो, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा असो की पोलीस भरतीचा लेखी पेपर असो, त्यात बुद्धिमत्तेचा म्हणून जो भाग असतो तो बहुतांशी कोड्यांचाच असतो. त्या भागात गुण कमी पडले, की घरात एक वाक्य ऐकू येते : "आपल्या पोराचे डोके तेवढेच." हे वाक्य आम्हाला फार खटकते, आणि आजचा सारा खटाटोप त्या वाक्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट ऐका. लंडनमधील एका व्यापाऱ्यावर सावकाराचे मोठे कर्ज होते. त्या काळी कर्ज फिटले नाही तर तुरुंग ठरलेला. सावकार म्हातारा, आणि नजर व्यापाऱ्याच्या तरुण मुलीवर. तो म्हणाला, "मी पिशवीत एक काळा आणि एक पांढरा खडा टाकतो. मुलीने न पाहता एक काढावा. काळा निघाला तर तिने माझ्याशी लग्न करायचे आणि कर्ज माफ. पांढरा निघाला तर लग्न नाही, तरीही कर्ज माफ. खडा काढायचे नाकारले तर बाप तुरुंगात." तिघे खडी पसरलेल्या वाटेवर उभे होते. सावकाराने वाकून दोन खडे उचलले आणि पिशवीत टाकले. मुलीची नजर तीक्ष्ण होती. दोन्ही खडे काळे आहेत हे तिने पाहिले.

आता वाचकांनी इथे थांबावे आणि तिने काय करावे ते घरात एकमेकांना विचारावे. साधारणपणे तीन उत्तरे येतात. तिने खडा काढायचे नाकारावे. सावकाराची लबाडी सर्वांसमोर उघडी करावी. नाहीतर बापासाठी स्वतःचा बळी द्यावा. तिन्हींत आपले लक्ष ती जो खडा काढणार त्याच्यावर खिळलेले असते. मुलीने मात्र पिशवीत उरणाऱ्या खड्याचा विचार केला. तिने हात घातला, खडा काढला आणि कोणी पाहण्याआधीच तो हातून निसटल्यासारखा खाली पडू दिला. वाटेवरच्या हजार खड्यांत तो मिसळून गेला. "अगबाई, पडला की! पण हरकत नाही," ती म्हणाली, "पिशवीत कोणता उरला ते पाहा, म्हणजे मी कोणता काढला ते कळेल." उरला होता काळा. म्हणजे तिने काढला तो पांढराच! आपण दोन्ही काळे टाकले होते, हे सावकार कोणत्या तोंडाने सांगणार?

ही गोष्ट डॉ. एडवर्ड द बोनो यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सांगितली आणि अशा विचाराला 'लॅटरल थिंकिंग' हे नाव दिले. द बोनो १९३३ साली माल्टा बेटावर जन्मले, शिक्षणाने डॉक्टर होते, २०२१ साली वारले. त्यांनी दाखला दिला तो खड्ड्याचा. एकाच जागी खड्डा खोल खोल खणत जाणे हा एक विचार. जागा चुकली असेल तर दुसरीकडे खणून पाहणे हा दुसरा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या वहीवर न वाचता अंगठे उठवले, त्यांना पहिल्या प्रकारच्या कष्टाचे महत्त्व कोणी शिकवायला नको. दुसरा प्रकार मात्र मुलांना शिकवावा लागतो.

नाव १९६७ सालचे असले तरी गोष्ट नवी नाही. आपल्या पाली वाङ्मयात ती फार आधीपासून आहे. महाउम्मग्ग जातकात महोसध नावाच्या मुलाची मोठी कथा आहे. जातककथांकडे आम्ही पुनर्जन्माचा पुरावा म्हणून पाहत नाही, जुन्या लोकांनी बुद्धीच्या कौतुकाने सांगितलेल्या गोष्टी म्हणून वाचतो, हे इथेच सांगून टाकतो. तर मिथिलेच्या विदेह राजाच्या कानावर आले, की नगराबाहेरच्या एका गावात व्यापाऱ्याचा सात वर्षांचा मुलगा भलताच शहाणा आहे. राजा परीक्षा घेऊ लागला. त्याने गावाला निरोप धाडला : आमच्या झोपाळ्याचा जुना वाळूचा दोर तुटला आहे, नवा वाळूचा दोर वळून पाठवा, नाही तर हजार मुद्रा दंड. गावकरी हादरले. वाळूचा दोर कसा वळायचा? महोसधाने दोर वळण्याचा विचारच केला नाही. त्याने दोन-तीन बोलक्या माणसांना शिकवून पाठवले, की राजाला सांगा, दोर किती जाड हवा ते कळत नाही. नमुना म्हणून जुन्या दोराचा वीतभर तुकडा द्यावा. राजा म्हणाला, आमच्याकडे वाळूचा दोर कधी नव्हताच. तेव्हा माणसे म्हणाली, मग आम्ही तरी कुठून वळावा?

दुसऱ्या वेळी राजाने एक बैल पाठवला आणि सांगितले, हा गाभण आहे, याचे बाळंतपण करून वासरासह परत पाठवा. महोसधाने एका धीट माणसाला केस मोकळे सोडून राजवाड्याच्या दाराशी रडत पाठवले. काय झाले म्हणून राजाने विचारले, तर तो म्हणाला, "महाराज, माझा बाप सात दिवस बाळंतवेणा देतोय, काही उपाय सांगा." राजा म्हणाला, "वेडा आहेस काय? पुरुष कधी बाळंत होतो?" पुढचे वाचकांनी ओळखलेच असेल.

सगळीच कोडी अशी उलटून विचारण्याची नव्हती. खैराच्या लाकडाचा एक गुळगुळीत तासलेला दांडा आला. त्याचे बुडखे कोणते आणि शेंडा कोणता ते सांगायचे होते. महोसधाने बरोबर मध्यावर दोरी बांधून दांडा पाण्यावर सोडला. बुडख्याकडचे लाकूड भारी, ते आधी बुडाले. हा प्रयोग आहे, शब्दांचा खेळ नाही.

या कथेत मुलाच्या हुशारीइतकीच दुसरी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. राजाच्या दरबारी सेनक, पुक्कुस, काविंद आणि देविंद असे चार पंडित होते. मुलाने एकेक कोडे सोडवले की राजा विचारी, "आणू का त्याला दरबारी?" आणि सेनक म्हणे, "एवढ्यावरून कोणी पंडित ठरत नाही, आणखी थोडे थांबावे." पुन्हा परीक्षा, पुन्हा उत्तर, पुन्हा थांबावे. आपला मान कमी होईल याची त्याला भीती होती. महोसध श्रीमंत घरचा होता, तरी त्याला इतके ताटकळावे लागले. नोकरीच्या मुलाखतीत 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना सेनक पंडित ओळखीचा वाटेल.

याच्या शेजारी सोपाकाची हकिकत ठेवून पाहा. सोपाक या नावातच त्या काळच्या समाजाने हीन ठरवलेल्या कुळाची खूण आहे. स्मशानाशी जोडल्या गेलेल्या या पोराला तथागतांनी संघात घेतले, आणि तो सात वर्षांचा असताना त्याला दहा प्रश्न विचारले. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय, असे दहापर्यंत. खुद्दकपाठात हे प्रश्न 'कुमारपञ्ह' या नावाने आहेत. पहिल्याचे उत्तर आहाराविषयी आहे. जगणारा प्रत्येक जीव अन्नावर जगतो, हे ते एक. चाराचे उत्तर चार आर्यसत्ये. सोपाकाने उत्तरे दिली आणि त्याला तिथेच उपसंपदा मिळाली. आणखी थोडे थांबावे, असे कोणी म्हटले नाही.

मुलींसाठीही या जातकात एक सुंदर भाग आहे. महोसध बायको शोधायला निघतो, तेव्हा त्याला पेज घेऊन शेतावर निघालेली अमरा भेटते. घराणे एके काळचे श्रीमंत, आता गरिबीला लागलेले. तो काहीही विचारो, ती कोड्यात उत्तर देते. जे आज नाही, पूर्वी नव्हते आणि पुढेही असणार नाही, ते माझे नाव, असे ती सांगते. जगात न मरणारे काहीच नसते, म्हणून नाव अमरा! बाप काय करतो, तर एकाचे दोन करतो, म्हणजे नांगरट करतो. कुठे नांगरतो, तर गेलेला माणूस जिथून परत येत नाही तिथे, म्हणजे स्मशानालगतच्या शेतात. इथे परीक्षा कोण कोणाची घेत होते, हा प्रश्न आमच्या महिला वाचकांनी जरूर चर्चेला घ्यावा.

मुलींचा विषय निघालाच आहे तर हे कोडे पाहा. बाप आणि मुलगा गाडीने जात असताना अपघात होतो. बाप जागीच मरण पावतो. मुलाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी नेतात. त्याला पाहताच सर्जनच्या तोंडून शब्द निघतात : "मी हे ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा मुलगा आहे." हे कसे? सर्जन त्या मुलाची आई आहे. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठात हे कोडे विद्यार्थ्यांना आणि लहान मुलांना घातले, तेव्हा शंभरांत जेमतेम पंधरा जणांना आई आठवली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मराठीत हे कोडे घालताना एक काळजी घ्यावी लागते. 'सर्जन म्हणाले' म्हटले तर ते खोटे ठरते आणि 'सर्जन म्हणाल्या' म्हटले तर उत्तर फुटते. म्हणून 'तोंडून शब्द निघतात' अशी वाट काढावी लागली. आपली भाषा क्रियापदातच बाई की पुरुष ते सांगून टाकते.

आता आणखी एक कोडे. हे इंग्रजीत फार जुने आहे. आम्ही थोडे आपल्याकडचे करून सांगतो. एक माणूस हॉटेलात शिरला आणि त्याने पाणी मागितले. गल्ल्यावरच्या माणसाने पाणी दिले नाही. उलट तो गुपचूप मागून आला आणि कानाशी जोरात ओरडला. तो माणूस दचकला, हसला, आभार मानून निघून गेला. असे का?

ज्याला उत्तर माहीत आहे त्याने फक्त 'हो', 'नाही' किंवा 'त्याचा संबंध नाही' एवढेच बोलायचे, बाकीच्यांनी प्रश्न विचारत जायचे, असा हा खेळ आहे. उत्तर साधे आहे : त्या माणसाला उचकी लागली होती. ती पाण्याने थांबली असती, तशी दचकल्यानेही थांबली. पण आपल्या वस्तीत हे कोडे घातले तर पहिला प्रश्न काय येईल? "त्याची जात विचारली होती का?" पाणी मागितले आणि दिले नाही, यात आपल्या माणसाला कोडे दिसतच नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ज्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते पाणी आपण विसरलेलो नाही. ज्याला आयुष्यात कधी पाणी नाकारले गेले नाही तो उचकीपर्यंत लवकर पोहोचेल, आपला मुलगा जरा उशिरा. या उशिराचा बुद्धीशी काय संबंध? प्रत्येक जण आपल्या अनुभवाच्या वाटेने उत्तराकडे निघतो.

पण मोठमोठ्या विद्वानांनी नेमका हाच घोटाळा केला. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून चाचणी तयार केली. अमेरिकेने १९१७ नंतर अशाच चाचण्या साडेसतरा लाखांवर सैनिकांना दिल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे होती : चित्रात काय राहिले आहे ते काढा. एका चित्रात टेनिसचे मैदान होते आणि मधली जाळी नव्हती. इटलीच्या खेड्यातून आलेल्या मजुराने टेनिस कुठे पाहिला असणार? तो नापास. या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली पुस्तक लिहून कोणत्या वंशाची बुद्धी वरची आणि कोणाची खालची ते ठरवून टाकले. १९३० साली त्यांनी स्वतःच आपले निष्कर्ष निराधार असल्याचे लिहून मागे घेतले. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. आपल्याकडे हे वर-खाली ठरवायला चाचणीचीही गरज पडली नाही, जन्माचा दाखला पुरला.

परमपूज्य बाबासाहेब मुंबईत हायस्कूलमध्ये असतानाचा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवायला भीमरावांना फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच धावपळ करून डबे उचलले, मगच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. उदाहरण गणिताचे होते, पण त्या मुलाला खडू हातात घेण्याआधी दुसरेच काहीतरी सहन करावे लागले.

असे काही सहन करावे लागले तर डोके कसे चालते, हे पुढे प्रयोगाने मोजले गेले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी २००३ साली उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. मुलांच्या मासिकांत येतात तसे ते भुलभुलय्ये होते. ३२१ मुले उच्च म्हणवणाऱ्या जातींची आणि ३२१ दलित. सोडवलेल्या कोड्यांवर पैसे मिळायचे. जिथे कोणाची जात सांगितली नाही, तिथे दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. मग काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने सांगितली. त्या गटांत दलित मुलांची सोडवलेली कोडी बरीच कमी झाली. तसलाच कागद, तसलीच पेन्सिल, तेवढाच वेळ.

या प्रयोगातला पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. काही गटांत जात जाहीर केली, पण पैसे कोणाला द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरेल असे सांगितले. तिथे ही तफावत नाहीशी झाली! दोघींनी यावरून काढलेले अनुमान असे, की जात उघड झाल्यावर समोरचा माणूस आपल्याला न्याय देणार नाही असे मुलांना वाटू लागते आणि त्यांचा हात मंदावतो. चिठ्ठीला मात्र जात कळत नाही. त्यांचा अहवाल २००४ साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. प्रयोगात मुली नव्हत्या, एवढी एक उणीव आम्हाला जाणवते.

तेव्हा घरी कोडी घालताना काही पथ्ये पाळावीत. 'हा हुशार, हा ढ' असे लेबल कोणाला लावू नये, भावंडांत तर मुळीच नाही. चुकीच्या उत्तराला हसू नये, "तुला असे का वाटले?" हे विचारावे, कारण अडलेली मेख तिथेच सापडते. लहान मुलाने उत्तर दिले तर मोठ्यांनी "आम्हाला माहीतच होते" म्हणू नये. कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो एवढ्याने काही मानू नका. तेव्हा "बाप म्हणतो" हेही कारण पुरत नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन संपल्यावर दहा मिनिटे मुलांसाठी काढली तर एक-दोन कोडी सहज होतात.

सुरुवातीला ही चार घ्या. एक : पुलाखाली मालट्रक अडकला आहे. उंची जेमतेम दोन बोटे जास्त झाली आहे. पुढे जात नाही, मागेही येत नाही. पूल तोडायचा नाही, माल उतरवायचा नाही. कसा काढाल? दोन : नळावर दोनच भांडी आहेत, एक पाच लिटरचे आणि एक तीन लिटरचे. खुणा नाहीत. बरोबर चार लिटर पाणी मोजून द्यायचे आहे. तीन : दोन बाप आणि दोन मुलगे जेवायला बसले. भाकरी तीनच. तरी प्रत्येकाला पुरी एक भाकरी मिळाली. चार : बंद खोलीत एक बल्ब आहे, बाहेर तीन बटणे. त्यातले एकच त्या बल्बचे. बटणे हवी तशी दाबा, पण खोलीत एकदाच जायचे आणि आत गेल्यावर परत बटणाला हात लावायचा नाही. बल्बचे बटण कोणते ते कसे ओळखाल?

उत्तरे घरातल्या सर्वांनी प्रयत्न केल्यावरच वाचावीत. ट्रकच्या चाकांतली थोडी हवा सोडावी. पाच लिटरचे भांडे भरून त्यातून तीनचे भरावे, पाचात दोन लिटर उरतात. तीनचे रिकामे करून त्यात ते दोन ओतावेत. पाचचे पुन्हा भरून त्यातून तीनच्या भांड्यात मावेल तेवढे, म्हणजे एक लिटर, ओतावे. पाचात चार उरतात. (पाणी सांडू नये, बादलीत ओतावे.) जेवायला बसलेले तिघेच होते : आजोबा, वडील आणि नातू. बल्बसाठी पहिले बटण पाच-दहा मिनिटे चालू ठेवून बंद करावे, दुसरे चालू करावे आणि आत जावे. बल्ब पेटलेला असेल तर दुसरे, विझलेला पण गरम असेल तर पहिले, विझलेला आणि थंड असेल तर तिसरे. हे कोडे जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बवर घालावे. एलईडी दिवा तितका तापत नाही, त्यावर ते फसते.